नाममुद्रा आणि जिन्नस

पाचगणीच्या बाजारपेठेत स्ट्रॉबेरीच्या जॅमची बरणी निवडताना, एकीकडे १९५९ साली याच गावात प्रारंभ झालेल्या ‘मॅप्रो’सारख्या ख्यातकीर्त नाममुद्रेचा विश्वास आणि दुसरीकडे एखाद्या बागाइतदाराच्या घरी शिजलेल्या, साध्या कागदी चिठ्ठीच्या बरणीची अल्प किंमत, या दोहोंमध्ये माझे मन आज दीर्घकाळ घुटमळले. कायद्याने जॅममध्ये किमान ४५ टक्के फळ सक्तीचे केले असले, तरी स्ट्रॉबेरीपुरती ही मर्यादा २५ टक्केच आहे; म्हणजे नाव कितीही थोर असो, फळाहून साखर अधिक घालण्याची मुभा सर्वांनाच आहे, आणि म्हणून निवाडा नावावर न सोपवता चिठ्ठीवरील मजकुरावर सोपवावा, असे मला मनापासून वाटते. घटकद्रव्ये तेथे वजनाच्या उतरत्या क्रमाने नमूद करावी लागतात. साखरेआधी फळ आले की माझा कौल त्या बरणीला. मात्र जिच्यावर अन्नपरवान्याचा क्रमांक नाही, तिच्या स्वस्ताईचा मोह मी कटाक्षाने टाळतो, कारण मुलांच्या पोळीवर जाणाऱ्या जिनसाबाबत केवळ आपुलकी ही हमी ठरत नाही. आज परवान्यासह फळ प्रथम लिहिलेली बागाइतदाराचीच बरणी घेतली. सोबत घेतलेले सरबत मात्र नेहमीच्या नाममुद्रेचे.