निसर्ग वादळानंतरची वाडी

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांनी कोकण पाहिले असेल ते आंब्याच्या पेटीत. मी तिथे चार वर्षे शिकलो. १९८५ साली दापोलीच्या कृषी महाविद्यालयात गेलो, तेव्हा १९७२ साली स्थापन झालेले तिथले कृषी विद्यापीठ अवघे १३ वर्षांचे होते. मी घाटावरचा, ज्वारी-भुईमुगातला. सुपारीचे झाड पहिल्यांदा पाहिले ते तिथेच.

२०२५ च्या दिवाळीनंतर पुन्हा निघालो. कऱ्हाडहून एस.टी.ने कुंभार्ली घाट उतरला, की चिपळूण, मग खेड आणि पुढे वळणावळणाचा चढ. दापोली समुद्राजवळ असूनही उंचावर आहे. इंग्रजांच्या छावणीमुळे जुनी माणसे तिला अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. तिथून खाली आंजर्ल्याच्या बाजूला माझ्या खोलीमित्राची वाडी. आम्ही वर्गातले चौघे तिथे जमणार होतो, पण तिघेच जमलो. चौथा आदल्या वर्षीच गेला. मधुमेह अंगावर काढला त्याने. दुसरा नाशिककडचा. त्याची द्राक्षबाग आता मुलगी पाहते, हा फक्त हिशेब लिहितो आणि बोलणी खातो!

खोलीमित्र वर्गात पहिला होता, तरी नोकरीच्या वाटेला गेला नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्याचा तडाखा दापोली-मंडणगडच्या बागांनाही बसला. याच्या आजोबांनी लावलेल्या माडा-पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. मी फोनवर त्याला पुनर्लागवडीची माहिती देऊ लागलो. तो म्हणाला, "अरे, पोफळीचे अंतर मला ठाऊक आहे. मला माणूस हवाय."

तेव्हा टाळेबंदी होती हे खरे. पण ती उठल्यावरही मी गेलो नाही, हेही खरे.

टाळेबंदीमुळे घरी आलेल्या मुलाने बापाबरोबर पडलेली झाडे कापली, नंतर तो पुण्याला नोकरीवर परतला. याचे गुडघे गेलेले. २०२१ च्या पावसात वहिनींनी उभे राहून लागवड करून घेतली. नऊ-नऊ फुटांवर पोफळी आणि कोवळ्या रोपांना ऊन लागू नये म्हणून मधे केळी. जायफळ मात्र त्यांनी कलमांचेच आणले. बियांच्या रोपांत नर किती निघतील ते फुलावर येईपर्यंत कळत नाही. तेवढी वर्षे थांबायला आता वेळ कुठे, असे त्या म्हणाल्या. तुम्ही कधी गेलात तर ही वाडी जरूर पाहा. दोन-चार पोफळींना पहिला फुलोरा आला होता. मित्र काठी टेकत आम्हाला प्रत्येक झाडापाशी नेत होता.

निघताना वहिनींनी विचारले, "भावोजी, पुढच्या वर्षी निवृत्त झालात की शेतावर राहणार ना?" तीस वर्षे गावोगाव शेती सांगत फिरलो, माझे स्वतःचे पाच एकर मात्र वाट्याने दिलेले. मी कोकमाची पिशवी घेतली आणि एस.टी. गाठली.

घाट चढल्यावर वाटेकऱ्याला फोन लावला. म्हटले, येत्या पाडव्यापासून जमीन मीच करीन. तो "बरं" म्हणाला. मग म्हणाला, विहिरीवरची मोटार जळाली आहे, तेवढी येऊन बघा.