शहीद द्वीप : एका दिवसाचा जलप्रवास

सहलीचा विषय निघाला की घरातील मुले नकाशा उघडतात आणि ज्येष्ठ मंडळी पंचांग. सूर्यास्तापूर्वी जेवण, चौविहार असेल तर त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही, सकाळी नवकारसीपूर्वी तोंडात काही घालायचे नाही, कंदमूळ तर मुळीच नाही. इतके सारे सांभाळणारी आजी शेवटी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी." बहुतेक घरांत तिचे हे म्हणणे थोड्याशा आग्रहानंतर मान्य होते. समुद्रावरील सहलींतून तर ती हटकून वगळली जाते, कारण बोट कोणासाठी थांबत नाही आणि बेटावर ऐनवेळी काय मिळेल याचा भरवसा नसतो. अंदमानातील शहीद द्वीपाची सहल मात्र आजीला बरोबर घेऊन करता येते. त्यासाठी आकडेमोड तेवढी निघण्यापूर्वी, घरी बसूनच करावी लागते.

शहीद द्वीप म्हणजे पूर्वीचे नील बेट. १८५७ च्या उठावात क्रौर्यासाठी कुप्रसिद्ध झालेल्या नील या इंग्रज सेनाधिकाऱ्याचे नाव त्याला दिले होते. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकावला, त्या घटनेला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २०१८ साली, ते नाव बदलले. शेजारचे हॅवलॉक त्याच दिवशी स्वराज द्वीप झाले. पोर्ट ब्लेअरचेही नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. तिकिटे काढताना जुनी आणि नवी दोन्ही नावे ध्यानात असलेली बरी, कारण बोटीचे खलाशी, रिक्षावाले आणि हॉटेलवाले अजून सर्रास जुनीच नावे घेतात.

या बेटावर वस्ती केली ती पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी. त्यांनी जंगल साफ करून भातशेती आणि भाजीचे मळे उभे केले आणि गावांना रामायणातील नावे दिली: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आजही अंदमानच्या बाजारात जाणारी बरीचशी भाजी या चिमुकल्या बेटावर पिकते. प्रवासी येतात ते समुद्रासाठी; पण शाकाहारी कुटुंबाच्या दृष्टीने भाजीचे मळे हीच या बेटाची पहिली खूण मानायला हरकत नाही. इतरत्र समुद्रकाठच्या खानावळीत "शाकाहारी" म्हटले की बटाट्याची भाजी पुढे येते. येथे दुधी, भेंडी, काकडी, केळी, पपई रस्त्याकडेला मांडलेली असते. तरीही खानावळींचा मुख्य व्यवसाय मासळीचाच आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी फोन करून कांदा, लसूण, बटाटा नको, भांडी वेगळी हवीत, आणि जेवण बरोबर बारा वाजता हवे, असे सांगून ठेवावे. आदल्या दिवशी सांगितले तर मालक बाजारातून भाजी आणून ठेवतो. ऐनवेळी सांगितले तर डाळ-भातावर भागवावे लागते. आठम-चौदसला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्यांनी तारीख ठरवताना तेवढे पाहून घ्यावे, म्हणजे मळ्यांच्या बेटावर जाऊन कोरडे जेवण्याची वेळ येत नाही.

आता सूर्याची गोष्ट. अंदमान मुंबईच्या पूर्वेस सुमारे वीस अंश रेखांशावर आहे, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरच्या मध्यास मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तर श्री विजयपुरमला पाचच्या सुमारास. फेब्रुवारीअखेर तो तेथे साडेपाचच्या आत-बाहेर मावळतो. महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाची पहिल्या दिवशी फसगत होते ती इथेच. चहापाणी आटोपून, साडेपाचला जेवायला बसू म्हणतात, आणि खिडकीबाहेर अंधार दाटलेला असतो. आजीचा उपवास घडतो आणि पुढचे चार दिवस ती कुठेच यायला तयार होत नाही.

याची दुसरी बाजू मात्र सोयीची आहे. सूर्य लवकर मावळतो तसा लवकर उगवतोही. डिसेंबरात साडेपाचच्या पुढेमागे उजाडते, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांची नवकारसी साडेसहाच्या आत पूर्ण होते. पहाटेच्या बोटीसाठी धक्क्यावर पोहोचेपर्यंत खाकरा आणि दूध घेता येते. मुंबईत त्या दिवसांत नवकारसी येईतो आठ वाजत आलेले असतात. तेथे पहाटेच्या प्रवासात उपाशी पोटी निघणे टळत नाही.

पोटात थोडे असणे समुद्रावर महत्त्वाचे, कारण पुष्कळांना बोट लागते. रिकामे पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही सारखीच त्रासदायक. बोटीच्या मध्यभागी किंवा मागील बाजूस, खालच्या मजल्यावर बसावे; तेथे डोलणे कमी जाणवते. नजर क्षितिजावर ठेवावी. भ्रमणध्वनीच्या पडद्यात डोके घालणारी मुलेच सर्वप्रथम कासावीस होतात. बोट लागण्यावरील गोळी घ्यायची तर ती निघण्याआधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फारसा होत नाही; आणि रक्तदाब-मधुमेहाची औषधे चालू असलेल्या वडीलधाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

श्री विजयपुरमहून शहीद द्वीप सागरी मार्गाने चाळीस किलोमीटरच्या आत आहे. सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून सुटतात आणि साधारण दोन तास घेतात. त्यांच्या मोकळ्या डेकवर वारा खात उभे राहता येते. खासगी जलद बोटी हॅडोच्या धक्क्यावरून सुटतात, वेळ कमी घेतात, पण त्यांचा कक्ष बंद आणि वातानुकूलित असतो. काही फेऱ्या स्वराज द्वीपावरून वळसा घेत जातात. तिकीट काढताना थेट बोट आहे ना, हे विचारावे. सकाळच्या पहिल्या बोटीने जाणे आणि दुपारच्या बोटीने परतणे, अशी दोन्ही तिकिटे एकदमच काढलेली असावीत. प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते, मुलांचेसुद्धा. हवामान बिघडले तर फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ही सहल ठेवू नये. व्यापारी माणूस दुकान बंद ठेवण्याचा एक दिवस वाचवायला जातो आणि विमानाची सगळी तिकिटे बुडवून बसतो. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो. मे महिन्यापासून नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि बोटीवर आनंद असा उरत नाही.

तिसरे गणित भरती-ओहोटीचे. कोकणात कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमी असेल तर सहा, पौर्णिमा असेल तर सव्वाअकरा. हा हिशेब आपल्या किनाऱ्यापुरता. प्रत्येक बंदराचा चंद्राशी असलेला व्यवहार निराळा, म्हणून अंदमानात तो तसाच लावू गेल्यास चुकेल. पण भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण तर अष्टमीला भांग, हे दोन्हीकडे सारखेच. शहीद द्वीपावर याला महत्त्व आहे ते दोन जागांमुळे. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या बोटी चालतात. त्यांना पुरेसे पाणी लागते. लक्ष्मणपूरजवळील नैसर्गिक शिलासेतू, ज्याला तेथील बंगाली मंडळी गमतीने हावडा पूल म्हणतात, तो मात्र ओहोटीलाच गाठता येतो. ज्या दिवशी ओहोटी सकाळी अकरा ते दुपारी दोनच्या दरम्यान येते, तो दिवस एका दिवसाच्या पाहुण्यास सोयीचा. ही वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात आधीच पाहता येते.

भरतपूरचा किनारा धक्क्यापासून पायी जाण्याजोगा आहे. वाळू पांढरी आणि मऊ. आपल्या कोकणातील वाळू सह्याद्रीच्या काळ्या दगडातून आलेली, म्हणून ती तपकिरी आणि काळसर. येथील वाळू प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या झिजेतून झालेली, म्हणून पांढरी. पाणी किनाऱ्याजवळ उथळ असून त्याचा रंग हिरव्यातून निळ्यात सरकत जातो. पोहणे येत नसलेल्या ज्येष्ठांना पाण्याखालचे जग पाहायचे असेल तर काचेची बोट हा सरळ मार्ग. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाने घालावे. "उथळच आहे" म्हणून ते टाळणारे काका प्रत्येक कुटुंबात एक तरी असतात.

काचेतून जे दिसते ते केवळ रंगीत दगड नव्हेत. जीवविचार प्रकरणात शांतिसूरींनी विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकाय जीवांत गणले आहे, आणि शंख-कवड्यांना द्वींद्रिय जीवांत. आजचे जीवशास्त्र प्रवाळाला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. त्या प्राण्यांच्या देहात राहणारे शैवाल त्यांना अन्न पुरवते, आणि पाणी फार तापले की ते शैवाल निघून जाते व प्रवाळ पांढरेफटक पडते. २०१० साली अंदमानच्या समुद्रात असे मोठ्या प्रमाणावर घडले होते. वर्गवारी वेगळी असली तरी तेथे जीव आहे याबद्दल ना शास्त्राला शंका, ना विज्ञानाला. म्हणून पाण्यात उतरणाऱ्या तरुणांनी प्रवाळावर उभे राहू नये. दमून पाय टेकवायचाच तर वाळू शोधावी. अंगाला मलमे चोपडून उतरण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. उन्हापासून रक्षण तेवढेच होते आणि पाण्यात रसायने जात नाहीत.

शिलासेतूचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तेथे पोहोचायला ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरून चालावे लागते. खळग्यांतील पाण्यात समुद्रकाकड्या, खेकडे, लहान मासे, कधी मोठे शिंपले दिसतात. वाटाडे हौसेने एखादा जीव उचलून प्रवाशाच्या तळहातावर ठेवतात आणि छायाचित्र काढायला सांगतात. जैन कुटुंबाने वाट सुरू होण्यापूर्वीच, अगदी पैसे ठरवतानाच, सांगावे की कोणताही प्राणी पाण्याबाहेर काढायचा नाही. वाटाड्याला त्यात अपमान वाटत नाही. उलट तो खाली वाकून, बोटाने दाखवत, जास्त वेळ देतो. प्रवाळ व समुद्रकाकड्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे, आणि मुलांनी खिशात भरलेले शंख-शिंपले विमानतळावरील तपासणीत काढून घेतले जाण्याची शक्यता असते.

खडक निसरडे आहेत आणि त्यांवर जागोजागी शेवाळ असते. शेवाळावर पाऊल न ठेवण्याचा नेम असलेल्या आजीने तेथे जाऊ नये हेच उचित, गुडघेदुखी असणाऱ्यांनीही. वाटेच्या सुरुवातीला झाडांची सावली आहे. तेथे चटई टाकून एक सामायिक होईतो बाकीची मंडळी पूल पाहून येतात. कोणाला हे अपुरे वाटेल, पण पुलासाठी साऱ्या दिवसाची घडी विसकटावी एवढे त्या पुलात काही नाही. एका दिवसात पाचही किनारे उरकण्याचा हट्ट धरणारी कुटुंबे दिवसभर रिक्षातच बसलेली दिसतात. भरतपूरची सकाळ, बारा वाजता जेवण, आणि त्यानंतर लक्ष्मणपूर: इतके पुरे. सीतापूरचा किनारा सूर्योदयासाठी प्रसिद्ध, आणि दिवसाचा पाहुणा सूर्योदयाला बेटावर नसतोच.

दिवसातील दुसरे जेवण तीन वाजता, बोटीवर चढण्यापूर्वी. यासाठी पुन्हा खानावळीवर विसंबू नये. दशम्या, सुकी चटणी, शेंगदाण्याचे लाडू डब्यात असावेत. पहाटे उकळून गाळलेले पाणी दोन मोठ्या थर्मासमध्ये भरून आणावे. हॉटेलातील मुदपाकखान्याला आदल्या रात्री सांगितले तर पाणी उकळून मिळते. नारळपाणी ज्यांच्या नियमात बसते त्यांना येथे त्याची कमतरता नाही. बोटीत डबा उघडू म्हणून ठेवू नये: खवळत्या पाण्यावर जेवण कोणालाच सुखाचे होत नाही, आणि बोट अर्धा तास उशिरा सुटली तर सूर्य वाटेतच मावळतो.

हे सारे जमून आले तर चारच्या सुमारास कुटुंब बोटीत बसते. पाणी पिऊन झालेले, पच्चक्खाण घेतलेले, थर्मास पिशवीत उलटा ठेवलेला. खासगी बोट असेल तर पडद्यावर गाणी चालू असतात. विनंती केली तर आवाज कमी करतात. बेट मागे राहते, आणि पश्चिमेला दक्षिण अंदमानच्या टेकड्यांआड सूर्य उतरू लागतो. मुले ओल्या कपड्यांच्या पिशवीवर डोके ठेवून झोपलेली असतात. आजी खिडकीशी बसून घड्याळ पाहते, पाच वाजून वीस मिनिटे झालेली असतात, आणि ती नातवाला हळूच हलवून विचारते की स्वराज द्वीपाला जायला किती वेळ लागतो.