सुदामा नगरातली चढण

रात्रीचे तीन वाजले असतील. पत्र्यावर तडतड वाजायला लागलं म्हणून मी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर धावले, तर जिन्याच्या तोंडाशी आबा उभे. अंगात गंजी, खांद्यावर पाग, डोक्यावर पोत्याची खोळ. मी घाबरलेच.

"आबा, कुठं निघालात एवढ्या रात्री?"

"कुठं म्हंजे? पाऊस पडला न्हवं. चढण लागली आसंल."

इंदूरच्या सुदामा नगरात चढण! खाली रस्त्यावर स्कूटरी भिजत उभ्या होत्या, समोरच्या दुकानाच्या बंद शटरवरून पाणी ओघळत होतं. पलीकडं अन्नपूर्णा मंदिराकडचे दिवे पावसात फिकट झाले होते. मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. आबांचा हात धरून त्यांना आत आणलं, चहा ठेवला. पाग मात्र त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

आमचं गाव चंदगड तालुक्यातलं, ताम्रपर्णीच्या काठचं. १९५६ पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, तेव्हा आपल्या वाचकांना तो वेगळा सांगायला नको. रणजित देसाईंचं कोवाड याच नदीवर. मी लग्न होऊन १९८७ साली इंदुरात आले आणि सुदामा नगरची झाले. पोहे-जिलेबी, शेव, सराफ्यातली रात्र, सगळं अंगवळणी पडलं. पण मृग निघाला की आजही पहिल्या पावसाच्या वासाबरोबर मला माशांचा वास येतो.

ज्यांनी चढण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. उन्हाळाभर नदीच्या आणि तलावाच्या डोहात दबून राहिलेला मासा पहिल्या मोठ्या पावसात अंडी घालायला प्रवाहाच्या उलटा निघतो. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात आणि तिथून थेट भाताच्या खाचरात. यालाच आपल्याकडं चढणीचे मासे म्हणतात, रायगड-पालघरकडं वलगण म्हणतात. खाचरातलं पाणी उथळ, उबदार. मोठ्या माशांची भीती नाही आणि पिल्लांना बारीक खाणं भरपूर. पिल्लं तिथं वाढतात आणि पाऊस ओसरायला लागला की पाण्याबरोबर परत नदीला लागतात. म्हणजे आपलं शेत हे भाताचं जसं, तसं माशांचंही बाळंतघर.

लहानपणी या रात्रीची आम्ही वाट पाहत असू. आबा, काका, शेजारचे दोन-तीन गडी, कंदील, पेटत्या चुडी आणि पाठीमागं आम्ही पोरं. वर धो-धो पाऊस, खाली गुडघाभर गढूळ पाणी. बांधाच्या मोरीशी बुट्टी लावून बसायचं. आधी बारकी खवली, मग मळवे, एखादी वाम सापासारखी वळवळत आली की आम्ही किंचाळत असू. आबा ओढ्याच्या रुंद जागी पाग टाकायचे. जाळं हवेत उघडून गोल होऊन पाण्यावर पडलं की शिशाच्या मण्यांचा एकदम 'छप्प' असा आवाज होई. तो आवाज अजून कानात आहे.

सकाळी आई आमसूल आणि तिरफळ घालून कालवण करायची. गाबोळी वेगळी काढून तव्यावर परतायची, ती आम्हा पोरांची. एकदा मी ताटातली गाबोळी बोटानं फोडून त्यातले दाणे मोजायला बसले होते. आबा म्हणाले, "मोजू नको पोरी, मोजलीस तर खाववणार न्हाई." तेव्हा ते गमतीनं म्हणाले असं वाटलं. पुढं वाचनात आलं, रोहूच्या मादीच्या पोटात किलोमागं दोन-तीन लाख अंडी असतात.

आता आबा इंदुरात का आले ते सांगायला हवं. आई गेल्यावर मी किती वेळा बोलावलं, पण ते गाव सोडेनात. मग दोन वर्षांपूर्वी अचानक फोन आला, "न्यायला ये." कारण सांगितलं नाही. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं त्यांना घेऊन आले तेव्हा सामानात दोन धोतरं, औषधाची पिशवी आणि पोत्यात गुंडाळलेला हा पाग. स्वतः विणलेला. भावाचं नाव काढलं की गप्प बसत. भावाचा फोन आला की उठून गच्चीवर जात.

पहाटेचा चहा झाल्यावर मी त्यांना म्हटलं, चला, तलाव तरी दाखवते. आमच्यापासून रिक्षानं दहा-पंधरा मिनिटांवर, धार रोडला, होळकरांच्या काळचा सिरपूर तलाव आहे. एकेकाळी या तलावाची दशा बघवत नव्हती. निसर्गप्रेमी मंडळींनी वर्षानुवर्षं चिकाटी धरली म्हणून तो वाचला. २०२२ साली त्याला आणि यशवंत सागरला रामसर पाणथळीचा मान मिळाला. २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली दोन 'पाणथळ शहरं' ठरली. आबांनी काठानं एक चक्कर मारली, पाणकावळे पाहिले, बगळे पाहिले आणि म्हणाले, "तळं चांगलं हाय. पर पाणी येतंय कुठनं ते दाव." मासे पकडणारा माणूस तळं बघत नाही, तळ्याचं तोंड बघतो.

म्हणून रविवारी हे आणि मी त्यांना गाडीत घालून यशवंत सागरला घेऊन गेलो. हातोदकडं, गंभीर नदी अडवून यशवंतराव होळकरांच्या काळात, १९३० च्या दशकात बांधलेला हा मोठा जलाशय. शहराच्या पश्चिम भागाला इथलं पाणी येतं. धरणाच्या भिंतीतले सायफन बघायला लोक गर्दी करतात. आम्ही मात्र भिंतीकडं न जाता वरच्या अंगाला, सोयाबीनच्या शेतांमधून एक नाला तलावाला मिळतो तिथं गेलो. माळव्याची काळी माती पावसानं नुसती लोण्यासारखी झाली होती. चपला हातात घेऊनच चाललो.

नाल्यावर छोटा पूल होता. खालून गढूळ पाणी खळाळत होतं आणि त्या पाण्यातून, सिमेंटच्या कट्ट्यावर उड्या घेत मासे चढत होते! बोटाएवढे, वीतभर, काही हातभरसुद्धा. उडी चुकली की मागं पडायचे, पुन्हा यायचे. आबा पुलाच्या कठड्याला धरून खाली वाकले. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण चेहरा दहा वर्षांच्या पोराचा झाला होता.

"पोत्यातनं पाग काढ," ते म्हणाले.

खाली दोन-तीन पोरं मच्छरदाणीचं कापड धरून उभी होती. तेवढ्यात वरच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं आणि पोरं कापड टाकून पळाली. ओरडणारा माणूस जवळ आला. साठीचा, उन्हानं रापलेला, पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातला. आबांच्या हातातला पाग बघून थबकला. मला म्हणाला, "बाई साब, बाबूजी को समझाओ, अभी बंद ऋतु है."

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत आणि नदीला जोडलेल्या पाण्यात मासेमारी बंद असते. नेमकी चढणीच्या दिवसांत. मी आबांना समजावलं. ते उसळलेच. "शंभर पिढ्या चढण धरत आल्या. चढण धरायची न्हाई तर काय बघत बसायची?"

त्या गृहस्थाला मराठी शब्द कळले नसतील, पण राग कळला. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "बाबूजी, आज जो चढ़ रही है, वही अगले साल की रोटी है." मग त्यानं हात पुढं करून विचारलं, जाळं बघू का? आबांनी दिलं. त्यानं गाठी बोटांनी चाचपल्या, मणी तळहातावर तोलले, आणि "हाथ का बुना है" असं म्हणून आबांच्या पाया पडला. दोघंही पुलावर टेकले. एक चंदगडी बोलतो, एक माळवी बोलतो, मधे मी. पण जाळ्याच्या गोष्टीला दुभाषा लागत नाही. कुठल्या आसाला कुठला मासा अडकतो हे ते बोटांनीच सांगत होते.

बोलता बोलता आबांनी जे मला दोन वर्षांत सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सांगितलं. गावाकडं चढण आटत चालली आहे. पूर्वी एका रात्रीत घमेली भरायची, आता वाटी भरत नाही. तणनाशक मारलेल्या खाचरात अंडी जगत नाहीत. ओढ्यावर रस्ते झाले, त्यांच्या मोऱ्या एवढ्या उंच बसवल्या की मासा चढू शकत नाही. उरलासुरला मासा पोरं बॅटरीचा झटका देऊन मारतात, त्यात मोठ्यांबरोबर बारकंही मरतं. माझा भाचाही त्या पोरांत होता. आबांनी त्याच्या हातातली तार हिसकावली. भाऊ पोराच्या बाजूनं बोलला, "तुम्ही जन्मभर गाभण मासेच मारले की, मग आत्ताच का पुळका?" त्यावर आबांकडं उत्तर नव्हतं. म्हणून त्यांनी घर सोडलं.

मी ऐकतच राहिले. भावाचं बोलणं उर्मट होतं, पण खोटं नव्हतं. माझ्या ताटातली गाबोळी मला आठवली. तेव्हा खाणारे थोडे, जाळी हातानं विणलेली, नदी मोकळी. घेऊनही पुष्कळ उरायचं. आज तीच रीत तशीच चालवली तर उरणार काय?

हे काही आपल्याच गावचं दुखणं नाही. माझी धाकटी लेक शिकागोला असते. तिथल्या मोठ्या सरोवराच्या काठी एप्रिलच्या थंडीत लोक रात्री जाळी घेऊन स्मेल्ट नावाचे बोटभर चंदेरी मासे धरायला जमतात. तो मासा मूळचा तिथला नव्हे. १९१२ मध्ये मिशिगन राज्यातल्या एका तळ्यात सोडला, तिथून तो मोठ्या सरोवरात पसरला आणि एके काळी लोक बादल्या भरभरून नेत. आता रात्रभर बसून मूठभर मिळाले तरी नशीब. तरी लोक येतात, शेगडी पेटवतात, गप्पा मारतात. आबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "मासा गेला, जागरण ऱ्हायलं."

उलट चांगली उदाहरणंही आहेत. महाडजवळ वाळणकोंडीत वरदायिनीच्या नावानं मासे राखलेले आहेत. लोक त्यांना खाऊ घालतात, कुणी जाळं टाकत नाही. देवाच्या धाकानं जमलं ते इथं कायद्यानं जमवायचं, एवढाच फरक. आणि पावसाचा हा संकेत मासा कसा ओळखतो याचा शोध घेता घेता आपल्याच शास्त्रज्ञांनी, हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी, १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुल इथं संप्रेरकाची सुई देऊन तळ्यातल्या माशांना अंडी घालायला लावली. आज बाजारात मिळणारा रोहू-कटला बहुतेक त्या विद्येचा. म्हणजे पोटासाठी चढण धरायलाच हवी अशी स्थिती आता राहिलेली नाही. पण ओढ्यातली खवली आणि मळवे कुठल्या तळ्यात वाढवून मिळत नाहीत. ते चढले तरच आहेत.

निघताना त्या मासेमाराने आबांना १५ ऑगस्टनंतर यायचं आमंत्रण दिलं. आबांनी पाग पोत्यात घातला नाही. त्याच्याकडंच ठेवायला दिला. "मी येईस्तवर कोरडा ठेव," एवढं मराठीत सांगितलं आणि त्यानं "जी बाबूजी" म्हटलं.

गाडीत आबा गप्प होते. फूटी कोठीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "फोन लाव."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? तुझ्या भावाला."

मी लावून दिला. दोन वर्षांनी बाप-लेक बोलणार होते. मी श्वास रोखून बसले, हे सिग्नल सुटला तरी गाडी हलवेनात, मागून हॉर्न वाजायला लागले. तिकडून भावाचा आवाज आला आणि आबांनी ख्याली-खुशाली, राग-लोभ काहीएक न विचारता विचारलं,

"बंधाऱ्याचे बरगे काढल्यात काय रे? का तसंच हाईत?"

आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाआधी काढायचे असतात, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. नाही काढले तर पुराचा धोका असतो आणि मासाही बंधाऱ्याशी येऊन आपटतो. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"चार ऱ्हायल्यात, आबा," भाऊ म्हणाला. "उद्या पोराला घेऊन जातो आन् काढतो."

"उद्या नको. आज जा. मासा उद्यापर्यंत थांबत न्हाई."