तेलथिजवणी

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक शब्द मागायला येतात, शेजारणीने विरजण मागावे तसे! परवा आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे सहकारी असेच आले. एका जर्मन शब्दाला त्यांना मराठी शब्द हवा होता: 'फेटहेर्टुंग'.

शब्द तोंडाला जड, पण फोडला की सोपा. 'फेट' म्हणजे स्निग्ध पदार्थ. हा शब्द उत्तर जर्मनीच्या बोलीतून प्रमाण भाषेत आला. 'हार्ट' म्हणजे कठीण. इंग्रजी 'हार्ड'चा सख्खा भाऊ. आणि शेवटचा 'उंग' म्हणजे आपल्या पेरणी-कापणीतला 'णी'. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनज्ञाने या कृतीचे पेटंट घेतले. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिसळला, की पातळ तेल घट्ट होते.

अमळनेरला ही कृती परकी नाही. १९४५ साली इथे 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' निघाली ती वनस्पती तयार करण्यासाठीच. तीच पुढे 'विप्रो' झाली.

मी ऐटीत शब्द दिला, "स्नेहघनीकरण!"

सहकारी हसले. "सर, हे लग्न जमवल्यासारखं वाटतं."

घरी आलो तो थोडा हिरमुसूनच. आणि आठवली लहानपणची दिवाळी. पाहुणे पानावर बसले, की वडील म्हणायचे, "तूप वाढ गं." घरात असे वनस्पती. आई वाटी घेऊन यायची आणि हळूच म्हणायची, "थिजवलेलं तेल आहे हं, चालेल ना?" वडिलांचा चेहरा उतरायचा. मलाही आईचा राग यायचा. 'तूप' म्हटले असते तर काय बिघडले असते?

त्या अर्धवट घट्ट केलेल्या तेलात 'ट्रान्स फॅट' तयार होते आणि ते हृदयाला घातक असते, हे आम्हांला फार उशिरा कळले. २०२२पासून तर आपल्याकडे कायद्याने त्यावर दोन टक्क्यांची मर्यादा आली. आईला यातले काहीच ठाऊक नव्हते. जे तूप नाही त्याला ती तूप म्हणत नव्हती, इतकेच.

रात्री मी तिला विचारले, "आई, तेल घट्ट करण्याला काय म्हणशील?"

"थिजवणी," ती म्हणाली. "त्यात विचारायचं काय?"

'तेलथिजवणी'! जर्मन शब्दाचे तिन्ही सांधे जागच्या जागी बसले होते. मी तो कागदावर लिहून तिला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि कागद परत देत म्हणाली, "तुझ्या वडिलांना नसता आवडला."