दुसऱ्याच्या कृतीचा जिम्मा

ज्या प्रोग्रामचा सोर्स कोड आपल्या दृष्टीस कधीही पडणार नाही, जो अन्यत्र कोणी सिद्ध करून केवळ तयार बायनरीच्या रूपाने आपल्या हवाली केला आहे, त्याचे डेबियन या लिनक्स वितरणासाठी पॅकेज बांधावयाचे म्हणजे दुसऱ्याच्या कृतीबद्दल स्वतःच्या सहीनिशी दाखला देणे होय. असे पॅकेज म्हणजे एक डेब फाइल, आणि तिची रचना तशी साधी: पहिल्या भागात स्वरूपाचा क्रमांक २.०, दुसऱ्यात नाव, आवृत्ती आणि इतर कोणत्या पॅकेजांवर मदार आहे त्याचा तपशील, तिसऱ्यात प्रत्यक्ष फायली. तिसरा भाग आयता मिळतो. कस लागतो तो दुसऱ्यात.

बायनरीला काय काय लागते, हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. ऑब्जडंप या साधनाने तिचे अंतरंग उघडले की लायब्रऱ्यांची यादी दिसते, आणि तिच्याखाली, बारकाईने वाचणाऱ्यालाच जाणवेल अशी, जीलिबसी या मूळ सी लायब्ररीची २.३४ ही आवृत्ती हवी, ही अट. २०२१ च्या ऑगस्टात आलेल्या या आवृत्तीत प्रोग्रामचा आरंभ करून देणाऱ्या फंक्शनलाच नवी खूण मिळाली. परिणामी डेबियन १२ वर नेहमीच्या रीतीने बांधलेला, पडद्यावर एकच ओळ उमटवणारा प्रोग्रामसुद्धा, जीलिबसी २.३१ असलेल्या डेबियन ११ वर सुरूच होत नाही. ही अट डीपीकेजी या पॅकेज-व्यवस्थेची अवजारे आपोआप नोंदवतात. परंतु प्रोग्राम चालू झाल्यावर डीएलओपन या फंक्शनने मागवल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांचा त्या यादीत मागमूसही नसतो, आणि त्यांच्यासाठी कोऱ्या यंत्रावर प्रोग्राम चालवून, एसट्रेसच्या साहाय्याने त्याची एकेक मागणी निरखीत बसण्यावाचून गत्यंतर नसते.

सगळ्या लायब्रऱ्या सोबतच का बांधू नयेत, असे कोणी विचारील. २०१४ साली ओपनएसएसएल या लायब्ररीमधील हार्टब्लीड हा दोष उघडकीस आला, तेव्हा डेबियनने आपली प्रत तातडीने दुरुस्त केली. तथापि इतर प्रोग्रामांच्या पोटात असलेल्या सदोष प्रतींना त्या दुरुस्तीचा काहीच लाभ झाला नाही. म्हणून लायब्ररी सोबत देणे मी शक्यतो टाळतो, आणि निरुपायाने जे द्यावे लागते ते मी ऑप्ट डिरेक्टरीच्या हद्दीतच ठेवतो.

प्रोग्रामच्या निरोपाचीही तजवीज आधीच करावी लागते. ‘रिमूव्ह’ केल्यास सेटिंगच्या फायली मागे राहतात, ‘पर्ज’ केल्यास त्याही जातात. परंतु वापरणाऱ्याने वर्षानुवर्षे साठवलेला डेटा पॅकेजच्या कोणत्याच यादीत नसतो आणि त्याचा निवाडा आपण लिहिलेल्या स्क्रिप्टवर येऊन पडतो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे पॅकेज अशा प्रसंगी मालकालाच विचारते. माझ्या स्क्रिप्टमध्येही तोच प्रश्न असतो, आणि उत्तर न मिळाल्यास डेटा जागच्या जागी राहतो.