नातीचा कप आणि आजीचा शब्द

वाचकहो, या पाक्षिकाचे बहुसंख्य वाचक साठीच्या पुढचे आहेत किंवा घरातील वडीलधाऱ्यांची शुश्रूषा करणारे आहेत, याची मला कल्पना आहे. मासिक पाळीत वापरावयाच्या कपावरील लेख पाहून "आता हा विषय आमचा कसा?" असे आपल्यापैकी अनेकींना वाटेल. पाळी थांबूनच कित्येकींना वीस वर्षे झाली असतील. तरीही हा लेख मी मुद्दाम आपल्यालाच उद्देशून लिहिते आहे. तालुक्याच्या गावात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवताना मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे. मुलीने काय वापरायचे, ते कुठे धुवायचे, कुठे ठेवायचे, याचा निकाल घरात बहुधा आजीच्या नजरेने लागतो. मुलगी विचारते, आई कचरते आणि शेवटी माझ्यासमोर एक वाक्य येते, "डॉक्टर, आमच्या सासूबाईंना हे चालायचं नाही." बहुतेक वेळा सासूबाईंना कोणी विचारलेलेच नसते. नकार मात्र त्यांच्या नावावर लागलेला असतो. म्हणून आज मी थेट आपल्याशीच बोलते आहे.

आपल्या पिढीने कापड वापरले. जुन्या लुगड्याची किंवा धोतराची मऊ घडी करायची, ती धुवायची आणि पुन्हा वापरायची, ही रीत होती. त्या कापडात दोष नव्हता. साबणाने स्वच्छ धुतलेले आणि कडक उन्हात पूर्ण वाळलेले सुती कापड आजही सुरक्षित आहे. दोष होता तो लपवण्यात. घडी दोरीवर उघडी टाकण्याची मुभा नसे. ती परकराखाली, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, नाहीतर गोठ्याच्या आडोशाला वाळे आणि आषाढ-श्रावणात तर वाळतही नसे. तसे दमट कापड घेतल्यावर जांघेत होणारी आग, खाज आणि काचणे आपल्यापैकी अनेकींनी मुकाट्याने सोसले आहे. न्हाण आले म्हणून मुलीची कौतुकाने ओटी भरणारे घरच दर महिन्याला तिला बाजूला बसवी. रक्त तेच, मुलगीही तीच.

हे आठवून देण्याचे कारण असे की, "एकदा वापरलेली वस्तू पुन्हा वापरायची, ही कसली घाण?" हा कपावरचा पहिला आक्षेप असतो. आयुष्यभर घडी धुऊन वापरलेल्या पिढीला तो शोभत नाही. पुन्हा वापरणे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते इतकेच की, ही वस्तू शरीराच्या आत बसते.

कप म्हणजे वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनची, लहान घंटेच्या आकाराची, मऊ वाटी. ती घडी घालून योनिमार्गात सरकवायची. आत गेल्यावर ती उघडते आणि भिंतींना टेकून तिथेच राहते. पॅड रक्त शोषून घेते, कप ते साठवतो. आठ ते बारा तासांनी तो काढायचा, रिकामा करून स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि पुन्हा बसवायचा. पाळी सुरू होताना आणि संपल्यावर तो पाण्यात पाच ते दहा मिनिटे उकळायचा, कोरडा करायचा आणि हवा खेळेल अशा सुती पिशवीत ठेवायचा. नीट जपला तर एक कप अनेक वर्षे टिकतो. ही कालपरवाची टूमही नव्हे. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने अशा रबरी कपाचे पेटंट १९३७ साली घेतले होते. आपल्यापैकी अनेकींच्या जन्माआधीची ही गोष्ट आहे.

आता आपल्या मनातील शंकांकडे वळते. "आत गेला आणि हरवला तर?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. योनिमार्ग ही दोन्हीकडून उघडी नळी नाही. त्याच्या वरच्या टोकाला गर्भाशयमुख असते आणि त्याच्या बारीक छिद्रातून कप पुढे जाऊच शकत नाही. वर सरकला, तर उकिडवे बसून बोटांनी काढता येतो. मात्र नुसते देठ धरून ओढायचे नाही. तळ चिमटीत दाबून आतील हवेची पकड आधी सोडवायची. दुसरी शंका संसर्गाची. २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात कपावरील ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ३,३०० स्त्रियांची माहिती होती. कपामुळे संसर्ग वाढल्याचे त्यात आढळले नाही. गळती इतर साधनांइतकीच किंवा त्याहून कमी होती. ज्यांना सवय झाली, त्यांच्यातील सुमारे सत्तर टक्के स्त्रिया पुढेही कपच वापरू इच्छीत होत्या.

तिसरी शंका मोठ्याने कोणी विचारत नाही. आजी खुर्ची पुढे ओढते, आवाज खाली आणते आणि म्हणते, "लग्नाआधीच मुलीचं काही बिघडलं तर?" योनीच्या मुखाशी असलेला पातळ पडदा प्रत्येकीचा वेगळा असतो. कोणाचा जन्मतःच मोठ्या छिद्राचा, कोणाचा लवचीक, तर कोणाचा खेळताना ताणला जाणारा. कपानेही तो ताणला जाऊ शकतो, हे मी लपवत नाही. पण त्या पडद्यावरून मुलीचा शरीरसंबंध आला आहे की नाही, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांसह कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही असे सांगून ती बंद करण्याचे आवाहन केले. मुलीचे शील त्या पडद्यात नसते, हे तिला शाळेच्या पुस्तकापेक्षा आजीच्या तोंडून ऐकायला मिळाले, तर ते तिला जन्मभर पुरेल.

माझ्याकडे येणाऱ्या सत्तरीच्या एका आजींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचे अंग बाहेर येत असे. शस्त्रक्रिया नको म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना आतून रिंग बसवून दिली होती. ठरावीक महिन्यांनी जाऊन त्या ती तपासून, धुऊन घेत. एकदा नात त्यांना माझ्याकडे घेऊन आली आणि बोलता बोलता कपाचा विषय निघाला. मी टेबलावरचा नमुन्याचा कप आजींच्या हातात दिला. त्यांनी तो दाबून पाहिला, उलटा केला आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर माझ्या रिंगेची धाकटी बहीण!" नात चकित झाली. आजी गेली चार वर्षे रिंग वापरत होत्या, हे घरात लेकीला-सुनेलाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी दवाखान्यात दोघी एकमेकींना जे सांगत होत्या, त्यात माझी गरज उरली नव्हती.

कप वापरायचा म्हटला की व्यवहाराची एक अडचण हमखास येते. तो उकळायचा कुठे? स्वयंपाकघरात, देव्हाऱ्यापासून चार हातांवर असलेल्या शेगडीवर हे भांडे चढवायचे, ही कल्पनाच अनेक घरांत पेलत नाही. यावर वाद घालू नये. एक लहान स्टीलचे पातेले त्यासाठीच बाजूला काढावे आणि त्यावर झाकण असावे. लहान बाळाची दुधाची बाटली आपण जशी उकळत होतो, तशीच ही क्रिया आहे. एका घरी आजेसासूबाईंनी स्वतःचे चहाचे पातेले नातसुनेला दिले आणि तो प्रश्न कायमचा मिटला.

डॉक्टर म्हणून मला कपाचा आणखी एक उपयोग दिसतो. संपूर्ण पाळीत साधारण तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशीच्या पुढे गेले, तर तो अतिरक्तस्राव होय. पॅडवरून हा अंदाज कोणालाच नीट येत नाही. अनेक कपांवर मात्र मोजमापाच्या रेघा असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ या वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी दम लागतो म्हणून आली, तेव्हा तिने वहीत तीन महिन्यांचे आकडे लिहून आणले होते. "आमच्यात सगळ्यांनाच जास्त जातं," असे घरातून सांगितले जात होते. हिमोग्लोबिन आठ निघाले. पुढचे उपचार सरळ होते. उशीर झाला होता तो फक्त मोजण्यात.

कचऱ्याचाही विचार करावा. एका पाळीला पंधरा पॅड धरले, तर दहा वर्षांत अठराशेच्या वर पॅड होतात. ते कागदात न गुंडाळता टाकले, तर कोणीतरी बाई ते हाताने वेगळे करते. पुण्यातील कचरावेचक स्त्रियांच्या 'स्वच्छ' संस्थेने गुंडाळीवर लाल ठिपका काढण्याची विनंती नागरिकांना केली, ती याचसाठी. केरळमधील कुंबळंगी ही पंचायत २०२२ च्या जानेवारीत सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झाली. तेथे नुसते कप वाटून काम भागवले नाही, तर स्त्रियांना आधी प्रशिक्षण दिले गेले.

हे सगळे सांगितले तरी कप सर्वांसाठी नाही. तांबी बसवलेली असेल, तर कप काढताना ती सरकण्याचा धोका असतो. आधी डॉक्टरांना विचारावे. अंग बाहेर येत असेल, योनिमार्गात संसर्ग असेल किंवा बाळंतपणाला सहा आठवडे झाले नसतील, तर तो टाळावा. हात साबणाने धुण्यापुरते स्वच्छ पाणी आणि दाराला कडी असलेली जागा नसेल, तिथे कपाचा उपदेश पोकळ ठरतो. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या बाईला आधी पाणी आणि शौचालय हवे. टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा आजार कपाबरोबर अत्यंत क्वचित आढळला आहे. तरी पाळीत अचानक जोराचा ताप, उलट्या, चक्कर किंवा अंगावर लाल पुरळ आले, तर कप लगेच काढून रुग्णालय गाठावे. आणि ज्या मुलीला तो नको आहे, तिच्यावर तो लादू नये. सरावाला दोन-तीन पाळ्या लागतात. त्या काळात तिला सोबत पॅड वापरू द्यावे.

गतिमंद मुलीची किंवा अंथरुणाला खिळलेल्या तरुण स्त्रीची काळजी घेणाऱ्यांना वेगळे सांगायला हवे. दुसऱ्याच्या हाताने बसवण्याची ही वस्तू नव्हे. जिला काय चालले आहे हे समजत नाही किंवा जी नको म्हणू शकत नाही, तिच्या बाबतीत कपाचा विचार करू नये. पाळीसाठीच्या शोषक चड्ड्या, मऊ कापड किंवा पॅड हेच तिथे योग्य. ठरलेल्या वेळी, त्याच शब्दांत सांगून, तिच्या हाताला हात लावून बदलले, तर बऱ्याच मुली त्यातला काही भाग स्वतः करू लागतात. थकून गेलेले पालक मला कधी विचारतात, "पिशवीच काढून टाकली तर?" १९९४ साली गतिमंद मुलींच्या अशाच शस्त्रक्रियांवरून पुण्यात मोठे वादळ उठले होते. त्या थकव्याची मला जाणीव आहे, पण केवळ स्वच्छतेच्या सोयीसाठी अवयव काढणे हा उपचार नव्हे. रक्तस्राव कमी करणारी औषधे आहेत. त्यांविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावे.

शेवटी आपल्या स्वतःविषयी. नातीच्या कपाबाबत जो संकोच आड येतो, तोच आपल्या जिवावर उठू शकतो. पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर अंगावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी हवी. बहुतेकदा कारण साधे असते, जसे वयोमानाने आलेला कोरडेपणा. पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूणही हीच असू शकते आणि त्या टप्प्यावर तो बरा होण्याची शक्यता चांगली असते. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी तो डाग सात महिने लपवला. का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "या वयात असलं काही कोणाला सांगायचं?" लहानपणी घडी परकराखाली वाळत घालायला शिकवणाऱ्या त्याच रीतीने त्यांचे तोंड बंद ठेवले होते.

म्हणून आपल्याला माझ्या तीन विनंत्या आहेत. नातीने कप, कापड किंवा पॅड यांपैकी काहीही निवडले, तरी ती जे वापरते त्याला घरात उन्हाची आणि पाण्याची जागा द्या. "मला चालेल" हे शब्द स्वतः, तिच्यासमोर उच्चारा. सुनेला तुमच्या नावाने नकार देण्याची वेळ येऊ देऊ नका. आणि रक्ताचा डाग, अंग बाहेर येणे किंवा खाज यांपैकी काही आपल्याला होत असेल, तर पुढच्या वेळी रक्तदाब तपासायला जाल, तेव्हा डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. पट्टा दंडावरून सुटायच्या आत सांगून टाका.