काचेच्या पेटीतील पाहुणे

पुण्यात कॅम्प भागात आमचे घर आहे. पुढच्या खोलीत मी काचेच्या दोन मोठ्या पेट्या ठेवल्या आहेत. त्यांतील पिवळे, निळे मासे पाहून मुले विचारतात, "हे समुद्रातले मासे आहेत का?" तसे वाटणे साहजिक आहे. पण हे मासे गोड्या पाण्यातले आहेत. त्यांच्या कुळाला 'सिक्लिड' म्हणतात. या जातींचे मूळ घर पूर्व आफ्रिकेत आहे.

तेथे व्हिक्टोरिया, टांगानिका आणि मलावी ही तीन प्रचंड सरोवरे आहेत. टांगानिका सरोवर सुमारे १४७० मीटर खोल आहे. रशियातील बैकल सरोवर सोडले, तर जगात एवढे खोल सरोवर दुसरे नाही. या सरोवरांत सिक्लिडच्या शेकडो जाती राहतात. कोणी खडकावरचे शेवाळ खरवडून खातो, कोणी वाळूतले किडे टिपतो, तर कोणी चक्क दुसऱ्या माशांची खवले खातो! एकाच पाण्यात राहून प्रत्येकाने पोट भरण्याची निराळी वाट शोधली आहे.

असे मासे पाळायचे, तर आधी पाणी समजून घ्यावे लागते. आमच्या नळाला खडकवासल्याचे पाणी येते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी मृदू असते. मलावी आणि टांगानिकाच्या माशांना मात्र क्षार असलेले, कठीण पाणी लागते. म्हणून मी पेटीत शहाबादी फरशीचे तुकडे एकावर एक रचले. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्याचा थोडा थोडा अंश पाण्यात उतरतो आणि माशांना लपायला कपारीही मिळतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन निघून जावे म्हणून ते मी एक दिवस बादल्यांत भरून ठेवतो. दर आठवड्याला पेटीतील थोडे पाणी काढून हे पाणी घालतो. पुण्याची थंडी या माशांना सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात हीटर लावून पाणी पंचवीस अंशांच्या आसपास ठेवतो.

एकदा मलावीच्या पेटीतील एका पिवळ्या मादीने खाणे सोडले. तिचा गळा फुगला होता. ती आजारी नव्हती. तिच्या तोंडात अंडी होती. या माशांची मादी अंडी तोंडात धरून ठेवते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, ती जवळजवळ काहीच खात नाही. अम्मी रोज पेटीजवळ येऊन तिला पाहत. त्या म्हणाल्या, "आपण रोजा ठेवतो, पण संध्याकाळी इफ्तार तरी करतो. हिचा इफ्तार कधी होणार?" अखेर एके सकाळी दगडांच्या फटीत नखाएवढी पिल्ले दिसली. आई रोडावली होती, पण त्या दिवशी तिने दाणे खाल्ले. अम्मींनाही फार बरे वाटले.

दुसऱ्या पेटीत टांगानिकाचे इवलेसे मासे आहेत. ते गोगलगाईच्या रिकाम्या शंखांत राहतात. शंखाभोवतीची वाळू तोंडाने उचलून ते आपले अंगण नीट करतात. दुसरा मासा जवळ आला, की बोटभर लांबीचा हा घरधनी त्याच्यावर धावून जातो.

मलावीच्या पेटीत 'ऑराटस' जातीचा एक नर होता. लहानपणी तो पिवळा आणि पट्टेदार होता. मोठा झाल्यावर त्याचा रंग काळपट झाला आणि स्वभावही तापट झाला. इतरांचे पंख तो कुरतडू लागला. शेजारच्या खाला हे पाहून म्हणाल्या, "बेटा, त्याला मुठेत सोडून दे. बंद केलेल्या जिवाला मोकळे केले, तर सवाब मिळतो."

त्यांच्या बोलण्यात दया होती. पण मी म्हणालो, "खाला, हा मासा आपल्या नदीचा नाही. थंडीने किंवा घाण पाण्याने तो मरेल. आणि जगला, तर नदीतल्या माशांचे घर बळकावेल."

खाला चिलापी मासा ओळखत होत्या. बाजारात तो त्यांनी अनेकदा घेतला होता. मी त्यांना सांगितले, की हा चिलापी म्हणजेच तिलापिया. तोही आफ्रिकेचा सिक्लिडच. १९५२ साली तो मत्स्यपालनासाठी भारतात आणला गेला. त्याची मादीही अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्ले वाचतात आणि संख्या भराभर वाढते. आज तो मुळा-मुठेत आहे, उजनीच्या जलाशयातही आहे. कोळ्यांना त्याच्यापासून पैसे मिळतात हे खरे; पण जिथे तो वाढतो, तिथे आपल्या मूळच्या माशांचे अन्न आणि जागा कमी होते.

आफ्रिकेतही असेच घडले. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० नंतरच्या दशकात माणसांनी नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा सोडला. पुढे त्याची संख्या अतोनात वाढली आणि सरोवरातल्या सिक्लिडच्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या. नदीत सोडलेला मासा पुन्हा वेचून काढता येत नाही.

खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग याचे करायचे तरी काय?"

"ज्याने आणला, त्याने सांभाळायचा," मी म्हणालो. मी त्या नराला आठ दिवस वेगळे ठेवले. नंतर माझ्या एका मित्राने त्याला आपल्या मोठ्या पेटीत घेतले. तिथे तसेच दांडगे मासे आहेत आणि लपायला भरपूर दगड आहेत.

आता माझ्याकडे पिल्ले मागायला बरीच मुले येतात. मी त्यांना आधी विचारतो, "पेटी केवढी आहे? मासा मोठा झाला, भांडू लागला, तर कुठे ठेवाल?" या प्रश्नांची उत्तरे घेऊन जो परत येतो, त्यालाच मी पिल्ले देतो.